घरगुती सर्व्हरवरील विभाग व साठे यांची योजना

ऐतिहासिक कागदपत्रांच्या संग्रहाचें स्वरूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पालटलें आहे. पूर्वीं संशोधक गांवोगांव हिंडून रुमाल सोडवीत, महत्त्वाच्या कागदांच्या नकला हातानें करून घेत, आणि अस्सल कागद मालकास परत तरी करीत किंवा एखाद्या संस्थेच्या स्वाधीन तरी करीत. आतां तोच संशोधक छायाचित्रें घेऊन घरीं येतो. अस्सल कागद मालकाच्या माळ्यावरच राहतो. वाळवी, ओल, भाऊबंदांतील वांटणी किंवा स्थलांतर यांपैकीं एखाद्या कारणानें तो पुढें नाहींसा झाला, म्हणजे संशोधकाच्या घरच्या यंत्रावर असलेलें छायाचित्र हाच त्या कागदाचा एकमेव पुरावा उरतो. अशा स्थितींत त्या यंत्राची अंतर्गत मांडणी कशी असावी हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहत नाहीं. तो साधनांच्या रक्षणाचा, आणि म्हणून संशोधकाचाही, प्रश्न होतो.

पुष्कळ अभ्यासकांच्या घरीं आतां एक स्वतंत्र संगणक अहोरात्र चालूं असतो. त्यांत तीन-चार डिस्क बसविलेल्या असतात व घरांतील इतर यंत्रें त्यावरून फाइली घेतात व त्यावर ठेवतात. यासच घरगुती सर्व्हर म्हणतात. त्यावर जागा कशी वांटावी, याविषयीं तीन निराळ्या गोष्टींची गल्लत नेहमीं झालेली आढळते. एक विभाग, दुसरी साठा व तिसरी नक्कल. विभाग हा एका डिस्कचे तुकडे पाडतो. साठा अनेक डिस्क एकत्र करतो. नक्कल ही त्या सर्वांपासून दूर असते. या तिहींचीं कार्यें भिन्न आहेत व एकीचें काम दुसरीकडून होत नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) संग्रहाची प्रतवारी

योजनेस प्रारंभ डिस्कांच्या संख्येपासून करूं नये, संग्रहापासून करावा. आपल्यापाशीं असलेल्या प्रत्येक वस्तूविषयीं एकच प्रश्न विचारावा : ही गेली तर पुन्हा कशी मिळेल? या प्रश्नाच्या उत्तरावरून संग्रहाचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग अद्वितीय वस्तूंचा. खासगी दप्तरांचीं छायाचित्रें, मोडीवरून केलेलीं बाळबोध लिप्यंतरें, स्वतःचीं टिपणें व पत्रव्यवहार हीं यांत येतात. दुसरा वर्ग श्रमसाध्य वस्तूंचा. मूळ छायाचित्रांवरून केलेल्या लहान प्रती, सूच्या व शब्दशोधासाठीं केलेल्या पाठ-फाइली या गेल्यास चार महिने खर्चून पुन्हा करतां येतात. तिसरा वर्ग सुलभ वस्तूंचा. छापील ग्रंथांच्या उतरवून घेतलेल्या प्रती, संगणकाची कार्यप्रणाली व निरनिराळे प्रोग्रॅम यांत मोडतात. हीं अन्यत्र विपुल उपलब्ध असतात.

आतां पहिल्या वर्गाचें आकारमान काढूं. साडेआठ इंच रुंद व साडेतेरा इंच लांब असा एक बंद दर इंचास ४०० बिंदू या प्रमाणानें टिपला, तर ३,४०० गुणिलें ५,४०० म्हणजे सुमारें १ कोटि ८४ लक्ष बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास एका बाजूचें छायाचित्र ५५ मेगाबाइटांचें होतें. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें जें पहिलें डिस्कयंत्र बाजारांत आणलें, त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आपल्या एका मोडी बंदाचें एक छायाचित्र ठेवण्यास अशीं अकरा यंत्रें लागलीं असतीं. वीस हजार बंदांचें एका बाजूचें ओझें १.१ टेराबाइट होतें. बंदाच्या पाठीवरील शेरे व पोंचल्याच्या तारखा महत्त्वाच्या असल्यामुळें दोन्ही बाजू टिपाव्या लागतात. सबब २.२ टेराबाइट हा आंकडा पुढील विवेचनांत आम्ही प्रमाण धरला आहे.

या आंकड्यावरून एक गोष्ट प्रथमच स्पष्ट होते. संग्रह एकंदर सहा-सात टेराबाइटांचा असला, तरी जें जिवापाड जपावयाचें तें त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासच आहे. सर्वांस सारखें जपण्याचा संकल्प करणारा मनुष्य खर्चापुढें हात टेकतो आणि शेवटीं कशाचीच दूरस्थ नक्कल ठेवीत नाहीं. प्रतवारी केली म्हणजे हा संकल्प आवांक्यांत येतो.

(२) विभाग

विभाग, म्हणजे ज्यास व्यवहारांत पार्टिशन म्हणतात, तो एका डिस्कवरील जागेचा आंखून दिलेला पट्टा होय. डिस्कच्या आरंभीं एक कोष्टक असतें व कोणता विभाग कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें त्यांत नमूद असतें. १९८३ सालीं डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर रूढ झालेल्या कोष्टकांत मुख्य विभाग चारच मावत. आणि जागेचे अंक ३२ द्विमान स्थानांत लिहिले जात असल्यामुळें ५१२ बाइटांच्या घरांच्या हिशेबानें सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडील जागा त्यास दाखवितांच येत नसे. पुढें जीपीटी नांवाचें नवें कोष्टक आलें. त्यांत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते, आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीसही ठेवलेली असते. आरंभींचें कोष्टक बिघडल्यास अखेरच्या प्रतीवरून तें पुन्हा लिहितां येतें. नव्या सर्व्हरवर जुनें कोष्टक वापरण्याचें आतां कांहींच कारण नाहीं.

विभाग कशासाठीं पाडावे? याचें उत्तर एका वाक्यांत असें कीं, एका दालनांतील गर्दीनें दुसऱ्याचा दरवाजा बंद होऊं नये म्हणून. सर्व्हरवर निरनिराळे प्रोग्रॅम आपल्या नोंदी सतत लिहीत असतात. एखादा प्रोग्रॅम बिघडून एकच नोंद लक्षावधि वेळां लिहूं लागला कीं उपलब्ध जागा तासाभरांत भरते. नोंदींचा विभाग व कार्यप्रणालीचा विभाग एकच असल्यास सर्व यंत्र अडून बसतें. वेगळा असल्यास तेवढा प्रोग्रॅम थांबतो व बाकीचें काम चालूं राहतें.

म्हणून कार्यप्रणालीस स्वतंत्र लहान डिस्क द्यावी व संग्रहाच्या डिस्कांवर तिची सावलीही पडूं देऊं नये. २५६ गिगाबाइटांची एक एसएसडी या कामास पुरेशी होते. तिच्यावर आरंभाच्या प्रोग्रॅमांसाठीं १ गिगाबाइट, कार्यप्रणालीसाठीं ६०, नोंदी व बदलत्या फाइली यांसाठीं ६० आणि स्मरणाची तूट भरून काढणाऱ्या स्वॅपसाठीं ८ गिगाबाइट, अशी वांटणी आम्ही सुचवितों. बेरीज १२९ होते. उरलेली जागा जाणूनबुजून मोकळी सोडावी. विभाग पुढें वाढविणें सोपें व आंखडणें कठीण असतें. ईएक्सटी-फोर पद्धतीचा विभाग चालूं स्थितींत वाढवितां येतो, पण लहान करावयाचा तर तो उतरवून ठेवावा लागतो. एक्सएफएस पद्धतीचा विभाग तर व्यवहारतः लहान करतांच येत नाहीं. पुढील गरज कोणत्या बाजूनें येईल हें आज कळत नसतां सगळी जमीन आजच वांटून टाकणें हें शहाणपणाचें नव्हे.

ही कार्यप्रणालीची डिस्क गेली तरी हानि तिसऱ्या वर्गाची होते. दोन तासांत नवी प्रणाली बसवितां येते. फक्त तिच्यांतील मांडणीच्या फाइली पहिल्या वर्गांत जमा कराव्यात.

(३) साठा

विभाग हा डिस्कपेक्षां लहान असतो. साठा डिस्कपेक्षां मोठा असतो. अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांची जी सामायिक जागा बनवितात, तिला स्टोरेज पूल ही संज्ञा आहे. पूल या शब्दाचा मराठींत भलताच अर्थ होत असल्यामुळें आम्ही येथें साठा हाच शब्द वापरीत आहों.

या कल्पनेचें मूळ १९८८ सालच्या एका निबंधांत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं असें प्रतिपादिलें कीं, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजीं पुष्कळ स्वस्त लहान डिस्क एकत्र वापराव्या. परंतु डिस्कांची संख्या वाढली कीं त्यांपैकीं एखादी बिघडण्याचा संभवही त्या मानानें वाढतो. म्हणून कांहीं जागा पुनर्रचनेसाठीं राखून ठेवावी. याच पद्धतीस पुढें रेड हें नांव रूढ झालें.

पुनर्रचना कशी होते हें खतावणीच्या दृष्टांतानें समजेल. तीन पानांवर ५, ७ व ९ असे आंकडे आहेत आणि चौथ्या पानावर त्यांची बेरीज २१ लिहिली आहे. यांपैकीं कोणतेंही एक पान फाटलें तरी उरलेल्या तिहींवरून फाटक्या पानावरचा आंकडा काढतां येतो. यंत्रांतील हिशेब याहून निराळ्या गणितानें होतो, पण तत्त्व हेंच. या बेरजेच्या पानास पॅरिटी म्हणतात. दोन पानें एकदम फाटलीं तर एक बेरीज पुरत नाहीं. त्यासाठीं निराळ्या रीतीनें काढलेली दुसरी बेरीज ठेवावी लागते. याहून सोपी रीत म्हणजे प्रत्येक पान दोनदां लिहिणें. तिला मिरर अथवा आम्ही म्हणूं त्याप्रमाणें जोडप्रत म्हणतात.

परंतु या जुन्या पद्धतींत एक उणीव होती. डिस्क संपूर्ण बंद पडली तर तें कळतें. पण तिनें चुकीचें अक्षर बिनतक्रार वाचून दाखविलें तर? जोडप्रतींत दोन पानें एकमेकांशीं जुळत नाहींत एवढें समजलें, तरी खरें कोणतें हें ठरविण्यास साधन नसे. हें साधन झेडएफएस या पद्धतीनें दिलें. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स यांनीं २००१ सालीं या कामास आरंभ केला व २००५ सालीं ती पद्धति सर्वांस खुली झाली. २०१३ पासून ओपनझेडएफएस या नांवाखालीं तिचें काम सामुदायिक रीतीनें चालतें. तिच्यांत प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या मजकुरावरून काढलेला एक अंक, म्हणजे चेकसम, नोंदविलेला असतो. जुन्या पत्रांच्या शेवटीं मोर्तब करून लेखनाची सीमा ठरवीत, जेणेंकरून मागाहून अक्षर घुसडतां येऊं नये. त्यासारखीच ही मोहोर समजावी. भेद इतकाच कीं ही मोहोर पत्रावर नसून त्या पत्राची नोंद असलेल्या वरच्या वहींत असते. त्यामुळें एका पत्राच्या जागीं दुसरेंच पत्र आलें तरी चोरी उघडकीस येते. मोहोर जुळली नाहीं कीं पद्धति दुसऱ्या प्रतीवरून खरा मजकूर काढून चूक आपोआप दुरुस्त करते.

छायाचित्रांच्या संग्राहकास याचें महत्त्व विशेष आहे. एकदां टिपलेलें छायाचित्र वर्षानुवर्षें उघडलें जात नाहीं. त्यांत दोष शिरला तर तो दहा वर्षांनीं, आणि बहुधा अस्सल कागद नष्ट झाल्यावर, ध्यानांत यावयाचा. म्हणून महिन्यांतून एकदां सर्व साठा वाचून प्रत्येक मोहोर तपासून पाहण्याची जी क्रिया आहे, जिला स्क्रब म्हणतात, ती नियमानें होईल अशी तजवीज करावी.

(४) चार डिस्कांचा हिशेब

प्रत्येकी ४ टेराबाइटांच्या चार डिस्क आहेत असें धरूं. एकंदर १६ टेराबाइट जागेची रचना मुख्यतः तीन प्रकारांनीं होते.

पहिला प्रकार, एक पॅरिटी. यांत १२ टेराबाइट वापरावयास मिळतात व कोणतीही एक डिस्क गेली तरी चालतें. दुसरा प्रकार, दोन पॅरिटी. यांत ८ टेराबाइट मिळतात व कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी संग्रह शाबूत राहतो. तिसरा प्रकार, दोन जोडप्रती. यांतही ८ टेराबाइटच मिळतात. एक डिस्क हमखास गमावतां येते. दोन गेल्यास त्या भिन्न जोड्यांतील असल्या तरच निभाव लागतो. चारांतून दोन निवडण्याच्या सहा रीती आहेत; त्यांपैकीं चार रीतींत साठा वांचतो व दोहोंत बुडतो.

केवळ या हिशेबावरून दुसरा प्रकार तिसऱ्याहून श्रेष्ठ वाटेल. पण दुरुस्तीचा काळही लक्षांत घेतला पाहिजे. ४ टेराबाइटांची डिस्क दर सेकंदास १५० मेगाबाइट या गतीनें अथपासून इतिपर्यंत लिहावयाची तर निदान साडेसात तास लागतात. या अवधींत उरलेल्या डिस्कांवर मोठा ताण पडतो. आणि एकाच वेळीं, एकाच दुकानांतून घेतलेल्या डिस्क एकाच सुमारास थकण्याचा संभव असतो. जोडप्रतींत दुरुस्तीच्या वेळीं फक्त जोडीदार डिस्क वाचली जाते व काम सरळ होतें. पॅरिटींत सर्वच डिस्क वाचाव्या लागतात. उलट, जोडप्रतींत त्या वेळीं नेमकी जोडीदार डिस्क गेली तर सर्व संपलें. दोन पॅरिटींत अजून एक जीव शिल्लक असतो.

ज्यास पुढें दोन-दोन डिस्क घालून साठा वाढवावयाचा आहे, त्यास जोडप्रत सोयीची. ज्यास चार डिस्कांवरच पुष्कळ वर्षें काढावयाचीं आहेत व यंत्र दिवसचे दिवस नजरेआड असतें, त्यानें दोन पॅरिटी घ्याव्या. एक पॅरिटी मात्र अद्वितीय वस्तूंसाठीं आम्ही योग्य समजत नाहीं. तेथें वांचणारे ४ टेराबाइट हें दुरुस्तीच्या त्या आठ तासांतील जोखमीचें मोल आहे.

जागेचे आंकडे वाचतांना आणखी दोन वजावटी ध्यानांत ठेवाव्या. विक्रेता १,००० च्या पटींनीं मोजतो. कित्येक प्रणाल्या १,०२४ च्या पटींनीं मोजतात. त्यामुळें ४ टेराबाइटांची डिस्क पडद्यावर ३.६४ दिसते. हा लबाडीचा प्रकार नसून मापाचा भेद आहे, पक्क्या व कच्च्या शेराप्रमाणें. दुसरें असें कीं झेडएफएस जुन्या मजकुरावर नवा लिहीत नाहीं, नेहमीं रिकामी जागा शोधून तेथें लिहितें. म्हणून साठा ८० टक्क्यांहून अधिक भरूं देऊं नये असा संकेत आहे. ८ टेराबाइटांपैकीं ६.४ च खऱ्या उपयोगाचे समजावे.

डिस्क विकत घेतांना तिच्यावरील पट्टे कौलांसारखे एकावर एक चढविलेले नाहींत याची खात्री करावी. अशा डिस्कवर एक पट्टा बदलावयाचा म्हणजे शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, व दुरुस्तीचें काम तासांचें दिवसांवर जातें. २०२० सालीं कांहीं उत्पादक अशा डिस्क स्पष्ट उल्लेखावांचून विकीत असल्याचें उघडकीस आलें होतें.

(५) मागें न फिरणारे निर्णय

साठ्याच्या योजनेंत बहुतेक गोष्टी मागाहून बदलतां येतात. थोड्या येत नाहींत. विचाराचा वेळ या थोड्यांवर खर्चावा.

पहिली गोष्ट डिस्कवरील घराच्या मापाची. आजच्या बहुतेक डिस्कांचें आंतील माप ४,०९६ बाइट असतें, पण कित्येक डिस्क जुन्या यंत्रांच्या सोयीसाठीं तें ५१२ सांगतात. साठा बांधतांना हें माप स्पष्टपणें ४,०९६ म्हणून नमूद करावें. तो गट एकदां बांधल्यावर त्यांत फेरफार होत नाहीं.

दुसरी गोष्ट गटाची. साठा हा डिस्कांच्या गटांचा बनतो व मजकूर सर्व गटांवर पसरतो. एक संपूर्ण गट गेला तर सर्व साठा जातो. त्यामुळें जागा कमी पडली म्हणून एकटी डिस्क स्वतंत्र गट म्हणून जोडणें अत्यंत घातक होय. चार भक्कम खांबांच्या मंडपास पांचवा कुजका खांब लावून सगळा भार त्याच्या भरंवशावर टाकण्यासारखें तें आहे. निव्वळ जोडप्रतींच्या साठ्यांतून गट काढून घेण्याची सोय लिनक्सवर २०१९ पासून झाली. पॅरिटीच्या गटास ती नाहीं. पॅरिटीच्या गटांत एकेक डिस्क वाढविण्याची सोय मात्र जानेवारी २०२५ मधील २.३ या आवृत्तीपासून मिळाली आहे. तरी पॅरिटींची संख्या बदलत नाहीं. एकीच्या दोन करतां येत नाहींत.

तिसरी गोष्ट डिस्कच्या टोकाची. एक डिस्क गेली म्हणजे तिच्या जागीं येणारी डिस्क तिच्याएवढी किंवा मोठीच लागते. किंचितही लहान असली तर ती नाकारली जाते. दुसऱ्या उत्पादकाची डिस्क कांहीं मेगाबाइटांनीं लहान निघूं शकते. म्हणून प्रत्येक डिस्कवर एकच मोठा विभाग करून अखेरीस एक-दोन गिगाबाइट मोकळे सोडावे व तो विभाग साठ्यास द्यावा. संग्रहाच्या डिस्कांवर विभागाचा उपयोग आम्हांस एवढाच दिसतो. एकाच डिस्कचे दोन विभाग करून तेच एकमेकांची जोडप्रत म्हणून बांधणें हा निव्वळ आत्मवंचनेचा प्रकार आहे. डिस्क गेली कीं दोन्ही एकदमच जातात.

(६) साठ्यांतील दालनें

साठा बांधल्यावर त्याचे पुन्हा पक्क्या भिंतींचे तुकडे करण्याची गरज नाहीं. त्यांत डेटासेट नांवाचीं दालनें करतां येतात. विभागाची भिंत दगडी असते, दालनाची पडद्याची. सर्व दालनें एकाच जागेंतून आपापली गरज भागवितात. तरी एखाद्यानें अमुक मर्यादेपलीकडे जाऊं नये, किंवा एखाद्यासाठीं अमुक जागा राखीव असावी, हें एका आज्ञेनें ठरवितां व बदलतां येतें.

येथें पहिल्या कलमांतील प्रतवारी उपयोगी पडते. वर्गागणिक दालन करावें. अद्वितीय वस्तूंच्या दालनास ३ टेराबाइट राखून ठेवावे, म्हणजे उतरवून घेतलेल्या ग्रंथांनीं साठा भरला तरी नवीं छायाचित्रें ठेवण्यास अडचण पडणार नाहीं. श्रमसाध्य वस्तूंस १ टेराबाइटाची व सुलभ वस्तूंस २ टेराबाइटांची मर्यादा घालावी. बेरीज ६ होते व ती ६.४ च्या आंत बसते. दालन सांकेतिक लिपींत ठेवावयाचें असल्यास तें निर्माण करतांनाच ठरवावें लागतें. आधीं भरलेल्या दालनास मागाहून कुलूप लावतां येत नाहीं.

प्रत्येक दालनाचें ठराविक क्षणींचें चित्र, ज्यास स्नॅपशॉट म्हणतात, तें धरून ठेवतां येतें. जुन्या मजकुरावर नवा लिहिला जात नसल्यामुळें अशा चित्रास आरंभीं जवळ जवळ कांहींच जागा लागत नाहीं; मागाहून जेवढें बदलेल वा पुसलें जाईल तेवढीच जागा तें अडवितें. चुकून एखादा रुमालभर छायाचित्रें पुसलीं गेलीं, तर कालच्या चित्रांतून तीं परत मिळतात. पहिल्या वर्गासाठीं रोजचें चित्र तीस दिवस व महिन्याचें चित्र वर्षभर ठेवावें. तिसऱ्या वर्गास याची गरज नाहीं.

(७) साठा म्हणजे नक्कल नव्हे

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जोडप्रत, पॅरिटी, मोहोर व स्नॅपशॉट हीं सर्व एकाच पेटीच्या आंत आहेत. डिस्क बिघडणें, अक्षर पालटणें व हात चुकणें या तीन संकटांवर तीं उतारा आहेत. चोरी, आग, वीज व पूर यांपुढें तीं सर्व मिळून एकच प्रत होत.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरलें, तेव्हां अस्सल कागद खालच्या कपाटांत व त्याची नक्कल वरच्या फळीवर अशी काळजी कोणीं घेतली असती, तरी तिचा उपयोग झाला नसता. कारण पाण्यास घर एकच असतें. उलट, जे कागद तत्पूर्वीं छापले गेले होते त्यांचा मजकूर सुरक्षित होता. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. ते खंड गांवोगांवच्या ग्रंथालयांत पसरले. छपाई ही त्या पिढीची दूरस्थ नक्कल होती, आणि ती विखुरलेली होती हेंच तिचें बळ. आजच्या संशोधकाचीं वीस हजार छायाचित्रें छापलीं जात नाहींत. म्हणून विखुरण्याचें काम त्यानें स्वतः केलें पाहिजे.

यासाठीं छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं प्रसृत केलेला एक साधा नियम आहे : प्रती तीन असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्या, व त्यांपैकीं एक तरी परक्या ठिकाणीं असावी. आपल्या उदाहरणांत अद्वितीय वर्ग २.२ टेराबाइटांचा आहे. सबब ४ टेराबाइटांच्या दोन सुट्या बाह्य डिस्क घ्याव्या. एक घरीं असावी, पण सर्व्हरला कायमची जोडलेली नसावी. दुसरी परगांवच्या आप्ताकडे किंवा एखाद्या संस्थेंत ठेवावी. व दर तीन महिन्यांनीं त्यांची अदलाबदल करावी. एका स्नॅपशॉटपासून दुसऱ्यापर्यंत जेवढा फरक पडला तेवढाच पाठविण्याची सोय झेडएफएसमध्यें असल्यामुळें या कामास फार वेळ लागत नाहीं. बाह्य डिस्क खुंटीवर असते म्हणूनच ती सुरक्षित असते. सर्व्हरवर शिरलेला खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेलें सर्व कांहीं कुलूपबंद करतो, पण कपाटांतील डिस्कपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं.

नक्कल केली एवढ्यानें भागत नाहीं. ती वाचून पाहिली पाहिजे. वर्षांतून एकदां बाह्य डिस्क निराळ्या यंत्रास जोडून त्यावरील दोन-चार रुमाल उघडून पाहावे. मुकाबला न केलेली नक्कल संशोधक प्रमाण मानीत नाहींत. तोच नियम येथेंही लागू आहे.

(८) यादी

शेवटची गोष्ट कागदाची आहे. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, ती पेटींत कोणत्या खणांत आहे, कोणत्या गटांत आहे, केव्हां विकत घेतली, साठा कोणत्या आज्ञेनें बांधला, दालनांचीं नांवें काय व बाह्य डिस्क कोठें आहेत, हें सर्व एका कागदावर लिहून ठेवावें. यंत्र डिस्कांस जीं नांवें देतें तीं तार बदलली कीं बदलतात. अनुक्रमांक बदलत नाहीं. म्हणून साठाही अनुक्रमांकांवरूनच बांधावा, व तोच अंक चिठीवर लिहून डिस्कच्या दर्शनी बाजूस चिकटवावा. बिघडलेली डिस्क काढावयास जाऊन चांगलीच उपसली गेली, असे प्रसंग चिठी नसल्यानेंच येतात.

या यादीचा खरा उपयोग मालकाच्या पश्चात् आहे. जुन्या घराण्यांतील रुमाल पिढ्यान् पिढ्या टिकले, कारण कपडा सोडला कीं कागद दिसे. वारसास लिपि वाचतां आली नाहीं तरी हें कांहीं जुनें आहे एवढें कळे. चार डिस्कांची काळी पेटी वारसास तेवढेंही सांगत नाहीं. ती भंगारांत जाते, किंवा पुसून नव्या कामास लावली जाते. सांकेतिक लिपींत ठेवलेल्या दालनाची किल्ली मालकाच्या स्मरणांतच राहिली, तर तो संग्रह त्याच्याबरोबरच संपला. म्हणून यादी व किल्ली पाकिटांत बंद करून एक प्रत घरच्या महत्त्वाच्या कागदांत व एक विश्वासू स्नेह्याकडे असावी. आणि पेटीवर ठळक बाळबोध अक्षरांत लिहावें कीं, यांत अमुक घराण्यांच्या कागदांचीं छायाचित्रें आहेत व तीं अमुक संस्थेस द्यावयाचीं आहेत.

येणेंप्रमाणें विभाग एका दालनाची गर्दी दुसऱ्यांत येऊं देत नाहीं. साठा एका डिस्कच्या मरणानें संग्रह मरूं देत नाहीं. नक्कल एका घराच्या संकटानें साधन नष्ट होऊं देत नाहीं. आणि यादी एका माणसाबरोबर सर्व संपूं देत नाहीं. या चोहोंपैकीं पहिल्या दोहोंस विद्या लागते, तिसरीस थोडा पैसा लागतो, आणि चौथीस एक कागद व अर्धा तास पुरतो. ज्यांच्या घरीं असे संग्रह आहेत त्यांनीं निदान चौथें काम तरी आजच करावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.